दंड मान्य, बजावणी अमान्य

तलासरीचा बाजार करून परत येताना महामार्गावर पोलिसाने हात केला, तेव्हा काकड्या घाटाळांनी मोटारसायकल इतक्या शिस्तीत बाजूला घेतली की हात करणाऱ्या हवालदारालाच जरा संकोच वाटला. लायसन, विमा, पीयूसी, सगळे कागद प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीला रबर, आणि रबर काढण्याआधी घाटाळांनी विचारलं, "कुठल्या क्रमाने दाखवू?" एकतीस वर्षं डहाणूच्या कोर्टात बेलीफ म्हणून काढलेल्या माणसाला कागदाची भीती नसते. लोकांच्या दारात समन्स आणि नोटिसा नेऊन देणं, हेच त्यांचं आयुष्य. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी त्यांच्या रानशेत गावात त्यांना बेलीफकाकाच म्हणतात, आणि ते लांबून येताना दिसले की काही जुनी माणसं अजूनही सवयीने मागच्या दाराने बाहेर पडतात.

हवालदाराला कागद नको होते. त्याचं लक्ष मागे बसलेल्या त्यांच्या बायकोवर, जिवलीकाकूंवर होतं.

"मावशींचं हेल्मेट कुठाय?"

हेल्मेट होतं. काकूंच्या मांडीवरच होतं. त्यात बाजारात घेतलेली तीस गावठी अंडी पेंढ्यात नीट रचून ठेवलेली होती.

"आहे, मग डोक्यावर का नाही?"

"मंग अंडी कुठं ठेवू?" काकू म्हणाल्या.

हवालदाराने या प्रश्नावर खरोखर विचार केला. मग त्याने हातातलं यंत्र नंबरप्लेटसमोर धरून एक फोटो काढला, काकूंचा अंड्यांसकट एक काढला, आणि म्हणाला, "जा काका. दंड लागलाय. मेसेज येईल."

खरं तर गोष्ट इथेच संपायला हवी होती. चार शहाणी माणसं अशा वेळी मनातल्या मनात एक शिवी देतात आणि पहिला गिअर टाकतात. पण बेलीफकाका गाडीवरून उतरले.

"पावती?"

"ऑनलाइन आहे."

"माझी सही?"

"लागत नाही."

"पंच?"

"काका, मागे ट्रक अडलेत."

"मग माझ्यावर नोटीस बजावली, असं तुम्ही कशाच्या आधारावर लिहिणार?"

हवालदार चांगल्या घरचा असावा. तो हसला आणि पुढच्या ट्रककडे गेला. काकांना मात्र ते हसणं घरापर्यंत टोचत राहिलं. दंडाचं त्यांना काही वाटलं नव्हतं. चूक झाली होती, अंडी साक्षीला होती. पण 'बजावणी' या शब्दापायी त्यांनी आपली हयात घातली होती. नोटीस बजावायची म्हणजे माणसासमोर उभं राहायचं, त्याचं पूर्ण नाव विचारायचं, कागद हातात द्यायचा, सही घ्यायची, तारीख आणि वेळ टाकायची. घर बंद असेल तर दोन पंचांसमक्ष दारावर डकवायची. माणूस कितीही नालायक असला तरी सरकारने त्याला तेवढा मान दिलाच पाहिजे. रस्त्यात फोटो काढून 'जा' म्हणणं हे काकांच्या मते कोंबडीला हाकलण्यासारखं होतं.

मेसेज त्या दिवशी आला नाही. दुसऱ्या दिवशी आला नाही. काकांनी फोन देवाजवळ ठेवून पाहिला, पडवीत ठेवून पाहिला, मग दिवसभर खिशात ठेवला आणि दर तासाला उघडून पाहू लागले. एरवी लोक त्यांच्यापासून पळायचे. आता ते स्वतः एका नोटिशीची वाट पाहत बसले होते आणि नोटीस फिरकत नव्हती.

रानशेतात ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. गावात सल्ला फुकट असतो आणि भरपूर असतो. पहिले आले शेजारचे सुक्याभाऊ. सुक्याभाऊंच्या टेम्पोला आजवर किती दंड लागले याची मोजदाद खुद्द टेम्पोलाही नसेल.

"मेसेज नाय आला तं सुटला तू," ते म्हणाले. "फोनच बंद ठेव. आमच्या बापाने घर बंद ठेवला, आमी फोन बंद ठेवतो. गोष्ट एकच."

काकांना वर्मी लागलं ते हे. सुक्याभाऊंच्या वडिलांवर एक समन्स बजावण्यासाठी त्यांनी पूर्वी सहा खेपा घातल्या होत्या, आणि सातव्या खेपेला म्हातारा भाताच्या कणगीत सापडला होता. त्याच घराण्याने आता काकांना आपल्यातला समजावं, हे त्यांना सहन झालं नाही. "मी लपणाऱ्यातला नाही सुक्या," ते म्हणाले आणि चहा न विचारता आत गेले.

पाचव्या दिवशी मेसेज आला. काकांनी अंगात शर्ट घातला, चष्मा पुसला आणि पडवीत बसून मोठ्याने वाचला. 'आपल्या वाहनाचा दंड थकीत आहे. तपशिलासाठी खालील फाइल उघडा.' ते फाइल उघडणार तेवढ्यात जिल्हा परिषद शाळेचे दिपकसर, जे फाटकातून सहज डोकावत होते, त्यांनी धावत येऊन फोन हिसकावला.

"काका, हे फ्रॉड आहे. यात गाडीचा नंबर तरी आहे का? आमच्या मुख्याध्यापकांनी असलीच फाइल उघडली, तेव्हापासून त्यांच्या फोनवरून केंद्रातल्या सगळ्या शाळांना कोणा अनोळखी माणसाच्या लग्नाची पत्रिका जाते आहे. शिक्षणाधिकाऱ्यांनी आहेर काय आणू म्हणून विचारलं."

"म्हणजे खरी नोटीस येत नाही आणि खोटी दारात येते," काका म्हणाले.

"आता तसंच आहे," दिपकसर म्हणाले. दिपकसर हा तिशीतला, मोबाईलमधलं सगळं जाणणारा आणि त्यामुळे गावात सर्वांना हवा असलेला माणूस. त्यांनी आपल्या फोनवर सरकारी साइट उघडली, गाडीचा नंबर घातला आणि खरा दंड बाहेर काढला. तारीख, वेळ, ठिकाण, सगळं बरोबर. फोटोत अंडीसुद्धा मोजता येत होती. पण शेवटच्या ओळीपाशी काकांचं बोट थांबलं.

"हे काय लिहिलंय?"

"नोटीस बजावली. एसएमएसद्वारे."

"कोणावर?"

"तुमच्यावर."

काकांनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग हळू आवाजात म्हणाले, "हे खोटं आहे." कागद दिला नाही हा एक अपमान होता, तो त्यांनी गिळला असता. पण सरकारदफ्तरी आपल्या नावापुढे 'बजावली' असं लिहिलंय आणि ते खोटं आहे, हा निराळा मामला होता. एकतीस वर्षांत त्यांनी न भेटलेल्या माणसापुढे हा शब्द एकदाही लिहिला नव्हता. भरलेल्या ओढ्यातून कंबरभर पाण्यात गेले, चिखले गावी एका चिकूवाडीत झाडावर चढून बसलेल्या माणसाच्या खाली दिवसभर बसून राहिले, कुत्री चावून घेतली, पण 'बजावली' लिहिलं ते बजावल्यावरच. आणि आता तोच शब्द कोणीतरी त्यांच्याच नावापुढे बसल्या जागी ठोकून दिला होता.

"दंड मला मान्य आहे," ते म्हणाले. "बजावणी अमान्य. ती खोडल्याशिवाय मी एक पैसा भरणार नाही."

"तुला कागदच पायजे ना?" जिवलीकाकू आतून म्हणाल्या. "शाळंतल्या वहीचा एक काढून देते."

मेसेज मग गेला कुठे, याचा शोध दिपकसरांनी लावला. गाडी घेतली तेव्हा नोंदणीचा अर्ज एका एजंटाने भरला होता आणि मोबाईलच्या रकान्यात स्वतःचाच नंबर टाकला होता. काकांनी पेटीतून अर्जाची झेरॉक्स काढली, तेव्हा तो नंबर सापडलाही. आता तो बदलायचा. साइट म्हणाली, बदला. फक्त खात्रीसाठी जुन्या नंबरावर ओटीपी पाठवला आहे, तो इथे टाका.

काकांनी त्या नंबरावर फोन लावला. पलीकडे एक ठसठशीत बाईचा आवाज आला.

"कोण बोलो छो?"

ती गुजरातच्या हद्दीवरच्या अच्छाडची चंद्रिकाबेन निघाली. महामार्गाच्या कडेला, ट्रक थांबतात तिथे तिची चहाची टपरी. एजंटाने नंबर कधीच सोडला होता आणि कंपनीने तो हिला विकला होता. काकांनी सगळं समजावून सांगितलं आणि शेवटी ओटीपी मागितला.

"अच्छा," चंद्रिकाबेन म्हणाली. "तर तू पण तोच हाय. बँकवाळ्या साहेबनी सांगितला हाय, ओटीपी कोईने आपवानो नथी. सख्ख्या भावाला पण नाय." आणि तिने फोन ठेवला.

काकांना राग यायला हवा होता. पण खरं सांगायचं तर त्यांना त्या बाईबद्दल आदर वाटला. नियम म्हणजे नियम. दुसऱ्या दिवशी सकाळी ते दिपकसरांना मागे बसवून, आधार कार्ड घेऊन, स्वतः अच्छाडला निघाले. या खेपेला मागच्या माणसाच्या डोक्यावर हेल्मेट होतं. अर्थात दिपकसरांकडे गाडी नसल्याने त्यांनी शाळेच्या क्रीडासाहित्यातून क्रिकेटचं हेल्मेट आणलं होतं, समोर लोखंडी जाळी असलेलं.

तलासरीच्या पुढे तोच हवालदार उभा होता. त्याने दिपकसरांकडे जाळीतून पाहिलं, दिपकसरांनी त्याच्याकडे जाळीतून पाहिलं.

"सर, हे कोणत्या कंपनीचं?"

"जिल्हा परिषदेचं," दिपकसर म्हणाले.

फोटो निघाला. काका या वेळी उतरले नाहीत. "मेसेज अच्छाडला पाठवताय ना?" त्यांनी फक्त विचारलं. "आम्ही तिकडेच चाललोय."

आणि तसंच झालं. टपरीसमोर गाडी लावून काका बाकावर टेकतात न टेकतात तोच चंद्रिकाबेनच्या गल्ल्यावरचा फोन किणकिणला. तिने वाचलं, समोरच्या गाडीचा नंबर वाचला, पुन्हा फोन वाचला.

"एटले तुमीच काकडभाई," ती म्हणाली, आणि तिचा पारा चढला. "मारा फोनमां तमारो दंड. माझ्याकडे सायकल पण नाय. पहिला मेसेज आला तवा मी दोन दिवस झोपली नाय. मला वाटला, पोलीस म्हणते तू गाडी चालवते, तर चालवत असेल."

"म्हणजे नोटीस तुमच्यावर बजावली गेली," काका म्हणाले. "मी तेच सगळ्यांना सांगतोय."

आधार कार्ड उलटसुलट तपासून झाल्यावर, काकांचा चेहरा त्यातल्या फोटोशी चहा पिणाऱ्या तीन ट्रकवाल्यांकडून पडताळून घेतल्यावर, चंद्रिकाबेन ओटीपी सांगायला तयार झाली. फोन मात्र दाखवणार नाही. फोन छातीशी धरून, अर्ध्या डोळ्याने बघत, तिने आकडे जोडीजोडीने आपल्या भाषेत वाचले. "नेव्यासी," ती म्हणाली. म्हणजे एकोणनव्वद; काकांना नव्याण्णव ऐकू आलं. दिपकसरांनी नव्याण्णव टाकलं. चुकलं. दुसरा ओटीपी आला, त्यात ती म्हणाली "ओगणएंशी", म्हणजे एकोणऐंशी, आणि यावर तिघा ट्रकवाल्यांत तीन मतं पडली, कारण एक राजस्थानचा होता, एक पंजाबचा आणि तिसऱ्याला मुळात ऐकू कमी येत होतं. तिसरा ओटीपी बरोबर वाचला, बरोबर ऐकला आणि टाकेपर्यंत त्याची मुदत संपली. साइट म्हणाली, तुमचे प्रयत्न संपले आहेत. मनापासून बोलायचं तर काकांनाही तसंच वाटत होतं.

तीन आठवड्यांनी चंद्रिकाबेनचाच फोन आला.

"काकडभाई, कोर्टनो मेसेज. लोकअदालत, डहाणू. शनिवारी. हाजर रहा, नाय तर कारवाई. मला बोलावला का तुमाला?"

"मला," काका म्हणाले. पण नंतर त्यांना झोप लागेना. डहाणूचं कोर्ट. ज्या व्हरांड्यात एकतीस वर्षं ताठ मानेने फिरले, तिथे आता घाटाळ काकड्या लक्ष्या असा पुकारा होणार, दंड चुकवणाऱ्यांच्या रांगेत. न जाण्याचा सल्ला सुक्याभाऊंनी दिलाच. गुपचूप आधी भरून टाका, असा दिपकसरांनी दिला. भरला असता तर विषय मिटला असता, हे काकांना कळत होतं. पण भरला की ती ओळ कायमची खरी ठरणार होती. त्यांनी निवृत्तीच्या दिवशी घातलेला शर्ट इस्त्रीला दिला.

शनिवारी जिवलीकाकूही निघाल्या, डोक्यावर हेल्मेट घालून. कोर्टात शिरल्यावरही त्यांनी ते काढलं नाही. कोणी कुठे फोटो काढेल याचा भरवसा त्यांना उरला नव्हता. आत बाकावर चंद्रिकाबेन आधीच बसलेली होती. एक दिवस टपरी बंद ठेवून आली होती. मेसेज माझ्या फोनवर आला, न येऊन कसं चालेल, असं तिचं म्हणणं होतं.

समोर एक निवृत्त न्यायाधीश आणि एक वकीलबाई बसल्या होत्या. पुकारा झाला. शेदोनशे माणसं, सगळी एकाच घाईत, कमी करा, भरतो, जातो. काका पुढे झाले.

"दोन दंड आहेत," वकीलबाई म्हणाल्या. "सूट देऊन निम्म्यात मिटवू. भरताय?"

"पूर्ण भरतो, बाईसाहेब. सूट नको. फक्त त्या पुढचं 'बजावली' खोडा."

"इथे डिलिव्हर्ड दिसतंय."

"हो, मला मळ्यो," बाकावरून चंद्रिकाबेन म्हणाली.

"आपण कोण?"

"चावाळी."

हॉलमध्ये खसखस पिकली. काका हसले नाहीत. "साहेब," ते न्यायाधीशांना म्हणाले, "या कोर्टाचा कागद मी एकतीस वर्षं दारोदार नेला. चिकूवाडीत, खाडीत, डोंगरावर. माणूस भेटला नाही तर भेटला नाही असंच लिहिलं. कितीदा साहेबांनी त्यावरून मला झापलं. 'बजावली' लिहून टाका म्हणाले असते तर मी काय केलं असतं मला माहीत नाही, पण कोणी म्हणालं नाही. आता माझ्या नावापुढे खोटं लिहिलंय. मी ते घरी घेऊन जाणार नाही. हवं तर मला इथे बसवून ठेवा."

न्यायाधीशांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "कॉम्प्युटरमधलं मला खोडता येत नाही," ते म्हणाले. "पण या फाइलीत मी लिहू शकतो, की आजपूर्वी बजावणी झालेली नाही. आणि आज करून देतो. रविनाताईंना बोलवा."

रविना हाडळ ही काकांच्याच जागेवर आलेली बेलीफ. तिने दोन्ही दंडांचे कागद छापून आणले आणि काकांसमोर धरले.

"आधी नाव विचारा," काका हळूच म्हणाले.

"नाव?"

"पूर्ण."

"आपलं पूर्ण नाव काय?"

"काकड्या लक्ष्या घाटाळ, राहणार रानशेत." त्यांनी दोन्ही हातांनी कागद घेतले. डोळे भरून आले होते आणि त्यांनी ते लपवले नाहीत. आयुष्यभर त्यांनी ज्या मानाने कागद दिला, त्याच मानाने आज त्यांना कोणीतरी कागद देत होतं. सही केली, तारीख टाकली, वेळ टाकली, बारा वाजून चाळीस मिनिटं. मग सहीखाली आणखी एक ओळ लिहिली, हरकत राखून स्वीकारले. रविनाने ती वाचली आणि शिक्का मारला. खिडकीवर जाऊन त्यांनी पूर्ण रक्कम भरली.

बाहेर पायऱ्यांवर जिवलीकाकू उभ्या होत्या. "भेटला कागद?"

"भेटला."

"मंग वाच तं."

काकांनी घसा साफ केला. "सदर दिनांकी सदर वाहनावर पाठीमागे बसलेल्या इसमाने हेल्मेट परिधान केले नव्हते."

"पाठीमागं बसलेला इसम कोण?"

"तू."

"माझं नाव हाय त्यात?"

काकांनी वरून खाली पाहिलं. "नाही."

"फोटू माझा, डोकं माझं, अंडी माझी," काकू म्हणाल्या. "नि सही तुझी? मला कोणी बजावला?"

बेलीफकाकांनी एकतीस वर्षांचा अनुभव चाळायला घेतला. तोवर काकूंनी हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली घट्ट ओढला होता आणि त्या पायऱ्या चढून परत आत निघाल्या होत्या.

"रविनाबाय," त्यांचा आवाज व्हरांड्यातून आला, "माझा कागद काढा. नाव लिवून घ्या आधी, पूर्ण."

काका मागोमाग आत गेले. काकूंना सही येत नव्हती, अंगठा उठवावा लागणार होता, आणि अंगठ्याला पंच लागतो.